पिकतं आमच्याकडं, चव कळते दुसऱ्याला

वाचकहो, संध्याकाळच्या वेळी सात रस्त्यावर जरा उभं राहून बघा. विजापूर रोडची गर्दी, होटगी रोडची गर्दी, रंगभवनाकडून येणारी, स्टेशनकडं जाणारी, सगळी तिथं एकमेकांत घुसते. जिल्ह्यातला बागायतदार कधी ना कधी या चौकातून जातोच. कुणाला दवाखान्याचं काम असतं, कुणाला कोर्टाचं, कुणाला फवारणीचं औषध हवं असतं. काम उरकलं की चहा होतो आणि चहाबरोबर बातम्या होतात. कुणाच्या बागेत डावणी आली, कुणाचा माल कुठल्या व्यापाऱ्यानं उचलला आणि पैसे अजून दिले नाहीत, कुणाच्या बेदाण्याला पंढरपूरच्या सौद्यात काय भाव निघाला. छापील बाजारभावापेक्षा या चहाच्या टपरीवरचा शब्द आपल्याकडं जास्त चालतो. कारण सांगणारा माणूस ओळखीचा असतो आणि त्यानं स्वतः बघितलेलं असतं.

याच शब्दाबद्दल आज लिहायचं आहे. विषय मात्र काही वाचकांना खटकेल. विषय वाईनचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसात दिल्लीचे एक गृहस्थ आलेत. तुमच्या जिल्ह्यातल्या अकलूजच्या 'सेत्ते' वाईनचं नाव घेता घेता थकत नाहीत. तुम्ही शनिवारी येताय ना, येताना एक बाटली आणा. तिथलीच आहे म्हटल्यावर सहज मिळेल." मी हो म्हणून बसलो. माझ्याजवळ परवाना आहे, त्यामुळं अडचण नव्हती. अडचण वेगळीच निघाली. शहरातल्या एका दुकानात गेलो. पाटी होती 'वाईन शॉप'. आपल्या महाराष्ट्रात दारूच्या प्रत्येक दुकानाला वाईन शॉपच म्हणतात, आत वाईन असो नसो. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "सेत्ते म्हंजे? रम हाय का ओ साहेब ती?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, अकलूजची वाईन." मग आतून मालक आले, स्टूल लावलं, आणि वरच्या फळीवरनं धूळ पुसत एक बाटली काढून दिली. हातात घेतली तर चहाच्या कपासारखी गरम लागली.

पुण्यात ती उघडली. दिल्लीच्या गृहस्थांनी पेल्यात ओतून नुसता वास घेतला आणि पेला खाली ठेवला. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. कोणत्या सालची आहे? दुकानात कुठं ठेवली होती? आणि किती दिवस? मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "यात करणाऱ्याचा दोष नाही. बाटली उन्हाळाभर तापली आहे. तुम्ही यावरून या वाईनची पारख करू नका." वाचकहो, मला वाईनचं दुःख झालं नाही. दुःख याचं झालं की माझ्या जिल्ह्यातल्या मालाची बाजू दिल्लीचा माणूस मला समजावून सांगत होता.

'सेत्ते' म्हणजे सात

त्याच गृहस्थांकडून बरंच ऐकलं. पुढं मी चौकशी करून ते पडताळून घेतलं. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. २००६-०७ च्या सुमारास भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि आपल्या अकलूजचे मोहिते-पाटील बंधू. वाईन करायला इटलीतल्या तोस्काना भागातले पिएरो मासी हे जाणकार आले. सहा भाऊ आणि सातवे मासी. म्हणून कंपनीच्या सर्वात मानाच्या वाईनचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथं त्यांच्या बागा आहेत. रोपं परदेशातून आणली. सांजोवेझे, काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, शार्दने अशी त्या जातींची नावं. 'सेत्ते' ही सांजोवेझे आणि काबर्ने या दोन जातींच्या मिश्रणातून होते. ज्या तालुक्याची ओळख ऊस आणि साखर कारखाना, तिथली ही बाटली आज मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत मागून घेतली जाते.

ती मागितली जाते ती जाहिरातीमुळं नाही. आपल्या देशात दारूच्या जाहिरातीला मोकळीक नाही. ती मागितली जाते एकानं दुसऱ्याला सांगितल्यामुळं. कुणीतरी एका जेवणात चाखली, त्याला आवडली, त्यानं मित्राला सांगितलं की अमक्या सालची घे, थोडी गार कर, मटणाबरोबर घे. मित्रानं तसं केलं, त्यालाही आवडली, त्यानं पुढं सांगितलं. वाईनचा खरा व्यापार या कानगोष्टीवर चालतो. कारण बाटली बंद असते. द्राक्षाच्या पेटीतला मणी तोंडात टाकून बघता येतो, बाटलीला ती सोय नाही. हजार रुपयांतही भागत नाही आणि आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी ज्याच्या जिभेवर आपला भरवसा आहे तो माणूस हाच काय तो आधार.

ही रीत जुनीच आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर तुम्ही बघितलं असेल. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात भडोच बंदराशी व्यापार करणाऱ्या आतल्या पेठा म्हणून पैठण आणि तगर यांची नावं येतात. त्याच माहितीत भडोचला कोणता माल खपतो त्याची यादी आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की तिथं वाईन खपते, पण पसंती इटलीच्या वाईनला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं दुसऱ्यासाठी लिहून ठेवलेली शिफारसच ती. आज इटलीचा माणूस अकलूजला येऊन वाईन करतो, त्यात फार नवल वाटायला नको.

दुसरी गोष्ट पॅरिसची. १९७६ च्या मे महिन्यात स्टीव्हन स्परिअर नावाच्या इंग्रज वाईन व्यापाऱ्यानं तिथं एक परीक्षा घेतली. फ्रान्समधल्या नामांकित जाणकारांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नावं झाकून ठेवल्या. पांढऱ्यात आणि तांबड्यात, दोन्हीकडं पहिला नंबर कॅलिफोर्नियाला मिळाला. तोवर अमेरिकेच्या वाईनला युरोपात कुणी विचारत नव्हतं. त्या एका दिवसानं जगातल्या वाईनच्या धंद्याची दिशा बदलली. तिथंही भाव ठरवला तो चाखणाऱ्यांच्या शब्दानं, तोही नाव न बघता दिलेल्या. हेच स्परिअर पुढं अकलूजच्या या कंपनीबरोबर वाईन तयार करायच्या कामात सामील झाले. २०२१ साली ते वारले. त्यांना अकलूज कळलं. आपल्याला त्यांचं नाव ठाऊक नाही.

आपल्याकडं ही रीत नाही असं नाही

उलट, शिफारशीवर चालण्यात आपला बागायतदार कुणाला हार जाणार नाही. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतल्या वेगळ्या वाटणाऱ्या काडीवर नजर ठेवली आणि 'सोनाका' जात निवडून काढली. सोलापूरचा सो, नान्नजचा ना, काळ्यांचा का. ती जिल्ह्याबाहेर गेली ती कशी? एकानं बाग बघितली, मणी चाखला, काडी मागून नेली आणि पाहुण्याला सांगितलं. काळी 'शरद सीडलेस'ही नान्नजचीच. सांगलीकडं तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आरवे यांची 'तास-ए-गणेश' अशीच गावोगाव पोचली. कुठल्याही खात्याचं पत्रक येण्याआधी बागायतदाराच्या जिभेनं निकाल दिलेला होता.

ज्वारीचं तेच. मंगळवेढ्याच्या कोणत्या शिवारातली मालदांडी घ्यायची हे सोलापुरातल्या घरातली म्हातारी सांगते. हुरड्याला कुणाच्या रानात जायचं हे मित्र सांगतो. शेंगाचटणी कुणाकडची, कडक भाकरी कुणाकडची, यावर तर आपल्याकडं भांडणं होतात. म्हणजे पारख आहे, बोलायची हौस आहे, विश्वासाची माणसं आहेत. फक्त द्राक्ष बाटलीत गेलं की आपण तोंड फिरवतो. मग तिथं दिल्लीचा माणूस बोलतो, आपण ऐकतो.

तुम्ही म्हणाल, बोलू द्या की, आपलं काय बिघडलं? बिघडतं. कसं ते सांगतो.

दोन एकर शिराझची गोष्ट

२००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिककडं कारखाने उभे राहिले, आणि वाईनच्या जातींची लागण करा म्हणून करार व्हायला लागले. आमचे एक पाहुणे उत्तर सोलापूर तालुक्यातले. त्यांनी परजिल्ह्यातल्या एका कंपनीशी करार करून दोन एकर शिराझ लावली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सोनाकात हात बसलेला माणूस. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, सगळं वेळेवर. पण ही बाग वेगळी. खायच्या द्राक्षाला आपण जीए देऊन मणी फुगवतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहानच लागतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो आणि लहान मण्याला गराच्या मानानं साल जास्त. झाडावर घड कमी ठेवायचे, साखर जास्त चढू द्यायची. खाण्याचा माल १८ ब्रिक्सच्या आसपास चालतो, तांबड्या वाईनला २२ ते २४ लागतो. अण्णांनी हे सगळं कंपनीच्या माणसाकडून ऐकून ऐकून केलं.

२००८-०९ ला मंदी आली. मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप बसला. त्या हंगामात कंपनीचा माणूस फिरकला नाही. फोन केला तर, "अण्णा, आठ दिवस थांबा." थांबले. साखर चढत गेली, मणी सुकायला लागले. आता हा माल न्यायचा कुठं? मण्यात बी, साल जाड. खायला कुणी घेईना. बेदाणा करावा तर बियांचा बेदाणा कोण घेणार? नाशिककडंही बऱ्याच बागायतदारांची तीच गत झाली. वाईनच्या बागा लोकांनी त्या दोन-तीन वर्षांत उपटल्या. अण्णांनी २०१० ला उपटली.

मी त्यांना पुढं एकदा विचारलं, "अण्णा, करार करताना त्या कंपनीची वाईन कशी आहे, बाजारात चालते का, कुणी पितं का, हे कुणाला विचारलं होतं?" ते म्हणाले, "कुणाला विचारणार? आपल्यात ते प्यायलेलं कोण होतं?"

वाचकहो, माझा मुद्दा या उत्तरात आहे. सोनाका लावताना अण्णांनी दहा बागा हिंडून दहा माणसांना विचारलं असतं. डाळिंब लावताना विचारलं असतं. शिराझ लावताना विचारायला माणूसच नव्हता, कारण त्या मालाचं पुढं काय होतं ते आपल्यातल्या कुणी चाखलेलं नव्हतं. ज्या मालाची चव आपल्याला ठाऊक नाही त्याचा भाव दुसरा ठरवतो, आणि तो घ्यायचा की नाही हेही दुसराच ठरवतो. चांगली वाईन करणारी कंपनी कोणती, नुसती पाटी लावून बसलेली कोणती, हे चाखणाऱ्यांच्या गोतावळ्यात हंगामाआधी कळतं. अमक्याची वाईन दोन वर्षं झाली उतरली आहे, तमक्याचा माल गोदामात पडून आहे, ही बातमी आधी त्यांच्यात फिरते. आपल्याकडं ती येते तेव्हा घड सुकलेले असतात.

दारूचं काय?

आता खटकणाऱ्या गोष्टीकडं येतो. काही मंडळी म्हणतील, पंढरीच्या जिल्ह्यात बसून हा माणूस लोकांना प्यायला शिकवतो. तसं नाही. वाईन ही दारू नाहीच असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो, दुकानातल्या विदेशी दारूत ४२.८ टक्के. फरक आहे, पण नशा दोन्हीला आहे. दारूनं मोडलेली घरं तुम्हीही बघितली आहेत, मीही बघितली आहेत. बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायाबापड्यांना दोष देणारा मी कोण? २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोध झाला, आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्या वेळी शेतकऱ्याचं हित हे कारण पुढं केलं गेलं. खरं सांगायचं तर दुकानं वाढवून शेतकऱ्याचं हित आपोआप होत नाही. माल उचलण्याची हमी आणि दराची हमी नसेल तर बाटल्या कितीही खपोत, अण्णांसारख्यांचा घड वेलीवरच सुकणार.

माझं म्हणणं एवढंच की पिणं वेगळं आणि जाणणं वेगळं. वाईनची पारख करणारे धंद्यातले लोक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. दिवसाला वीस-तीस वाईन तपासायच्या तर दुसरा मार्गच नाही. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्यानं तेवढंही करू नये. पण पेल्यातला वास घ्यायला, रंग बघायला, ही कोणत्या जातीची, किती ब्रिक्सवर तोडली, किती दर दिला, हे विचारायला माळ आड येत नाही.

करता येण्यासारखं

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. माझ्या नाहीत, ज्यांना कळतं त्यांच्याकडून गोळा केलेल्या आहेत.

पहिली, शिफारस नुसती नावाची घेऊ नका. साल विचारा. द्राक्षाला जसं एखादं वर्ष पावसानं खातं, तसं वाईनलाही. एका सालची नामी, दुसऱ्या सालची साधी, असं होतं.

दुसरी, बाटली कुठं ठेवली होती ते बघा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. उन्हाच्या काचेत उभी असलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नये. बुचाची बाटली आडवी ठेवलेली असावी. दुकानदारांनाही विनंती, फळी बदला. ते बाटल्या सांभाळतील तर गिऱ्हाईक परत येईल.

तिसरी, तांबडी वाईन घरातल्या हवेइतकी गरम घ्यायची असं कुणी सांगितलं तर ते थंड देशाच्या घराचं आहे, सोलापूरच्या घराचं नाही. तिला १६ ते १८ अंश लागतात, म्हणजे आपल्याकडं उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये. पांढरी त्याहून गार, ८ ते १० अंश.

चौथी सर्वांत महत्त्वाची. सांगणारा माणूस निवडा. ज्यानं तुम्हाला आधी दोनदा बरोबर सांगितलं, त्याचं ऐका. जो महागाच्या बाटलीलाच चांगलं म्हणतो त्याचं ऐकू नका. आणि चाखलं की वहीत लिहा, जसं फवारणीचं लिहिता तसं. तुमची जीभ त्याच्याशी जुळते का ते चार बाटल्यांत कळतं.

आणि बागायतदारांसाठी एक. वाईनच्या द्राक्षाचा करार पुढं आला तर कागदावर सही करायच्या आधी त्या कंपनीची वाईन दोन-तीन जाणकारांकडून चाखवून घ्या, आणि शहरात कुणी ती मागतं का ते विचारा. त्यात हजार-दोन हजार जातील. दोन एकर बाग उपटण्याच्या मानानं ते काहीच नाही. जमलं तर करारातच घाला की माझ्या मालाची वाईन झाली की एक बाटली मला मिळाली पाहिजे.

शेवटी अण्णांचं सांगून थांबतो. दिवाळीनंतर ते माझ्याबरोबर पुण्याला आले होते. भाच्याकडं ते दिल्लीचे गृहस्थ पुन्हा आलेले. त्यांनी एक शिराझ आणली होती, नीट गार केलेली. अण्णा आधी नको नको म्हणाले. मग मी म्हटलं, "अण्णा, घोटभर घ्या, तुमच्याच बागेतली जात आहे." त्यांनी पेला उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटाला मिऱ्यागत लागतंय." दिल्लीचे गृहस्थ एकदम सरसावून बसले. जाणकार लोक शिराझची खूण म्हणून हाच मिऱ्याचा स्वाद सांगतात. अण्णांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. टेंभुर्णी मागं पडल्यावर एवढंच म्हणाले, "चार वर्षं माझ्या बागेत होतं बघ हे. आणि मला ठाव नव्हतं."